माझ्या डोक्यावरची पलटण

मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. गोळ्यांची एक बुटकी, जुनीपुराणी प्लास्टिकची बाटली मी. अंगावरचं लेबल केव्हाच सोलून गेलं, त्याच्या जागी आता नाना रंगांचे डाग आहेत आणि झाकणावर एक कळकट चिकट गोळा बसलेला आहे. कचरा वेचणाऱ्यानेही मला उचलताना दोनदा विचार करावा, असा माझा अवतार. तरीही जरा बसा. फार लांबण लावणार नाही. तेवढी ताकदच आता माझ्यात उरलेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे गरम प्लास्टिक साच्यात फुंकतात आणि आम्ही बहिणी रांगेने बाहेर पडतो. लाड नाहीत, कौतुक नाही. पोटात गोळ्या भरल्या, तोंडात कापूस कोंबला, झाकण आवळलं की चला कामाला. औषधाच्या दुकानात काही दिवस काचेआड उभी होते, तेवढंच काय ते माझं तरुणपण. मग गुडघ्यांनी बेजार झालेली एक बाई आली आणि मला घरी घेऊन गेली. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो आणि नवरा नुसतं 'अगं' म्हणतो, म्हणून मीही तिला ताईच म्हणते. माझ्या गोळ्यांनी तिच्या गुडघ्यांना कितपत आराम पडला, देव जाणे. गोळ्या संपल्या, ताई मला कचऱ्यात टाकणार, इतक्यात तिचा नवरा मागून ओरडला, "अगं, थांब! टाकू नकोस! बघ कशी बरोबर मुठीत बसते."

केवढा आनंद झाला होता मला तेव्हा! आज ते आठवलं की माझी मलाच कीव येते.

ताईचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यातून तोंडाचे साचे यायचे आणि हे आपल्या खोलीत बसून मेण, प्लास्टर आणि खोटे दात यांच्याशी झटापट करायचे. सगळी आळी त्यांना कवळीवालेच म्हणायची. कवळीचं काम मोठं किचकट. केसभर जरी फरक पडला तरी ती हिरडीला बोचते, माणूस जेवत नाही, आणि चिडून परत येतो. आयुष्यभर त्या केसभर फरकाची धास्ती घेतलेला माणूस निवृत्त झाला तरी ती धास्ती काही निवृत्त होत नाही. कवळीवाल्यांनी ती उचलून आपल्या छंदात आणून ठेवली.

हा छंद तुम्हाला सांगायला हवा. नेपोलियनच्या काळात, म्हणजे दोनेकशे वर्षांपूर्वी, युरोपात मोठमोठ्या लढाया झाल्या. त्या सैन्यांतले शिपाई छोट्या आकारात, शिशाचे ओतलेले मिळतात. एकेक शिपाई अंगठ्याच्या पेराएवढा. ते कोरे विकत आणायचे, घरी रंगवायचे, चौकोनी पट्टीवर चार-सहाच्या गटाने चिकटवायचे आणि अशी दोन सैन्यं तयार झाली की टेबलावर फासे टाकून लढाई खेळायची. हे सगळं मोठी माणसं करतात, बरं का. लहान मुलांना तर हात लावायचीसुद्धा परवानगी नसते.

एवढासा शिपाई रंगवताना बोटांत धरला तर ओला रंग बोटाला लागतो. म्हणून त्याला कशावर तरी उभा करायचा आणि ते काहीतरी मुठीत धरायचं. ते काहीतरी म्हणजे मी. कवळीवाल्यांनी माझ्या पोटात वाळू भरली, म्हणजे मी कलंडू नये. झाकणावर तो चिकट गोळा थापला, भिंतीवर चित्रं चिकटवायला असतो ना, तसला. आणि त्यावर पहिला शिपाई उभा केला. तेव्हापासून, मित्रांनो, लोक नुसतं म्हणतात ते माझ्या बाबतीत अक्षरशः होत आलं. जो तो माझ्या डोक्यावर बसला.

सुरुवातीला मजा वाटायची. शिपाई माझ्याकडे यायचा तो नागडाउघडा, अंगावर साच्याची रेघ घेऊन. कवळीवाले बारीक कानशीने ती रेघ घासायचे, मग राखाडी अस्तर मारायचे. मग पाटलोण, मग निळा डगला, छातीवरचे पांढरे पट्टे, पट्ट्यांवरची बटणं. शेवटी चेहरा, आणि चेहऱ्यावर डोळे. डोळ्यांच्या वेळी कवळीवाले श्वास रोखायचे, भिंगाचा दिवा जवळ ओढायचे आणि ब्रशच्या एका केसाने ठिपका द्यायचे. त्यांच्या मुठीत मीही श्वास रोखून असायची. ठिपका बरोबर पडला की ते मला डोळ्यांसमोर धरून गोल फिरवायचे आणि म्हणायचे, "वा!" ते कौतुक शिपायाचं असायचं. मला मात्र उगाच वाटायचं, थोडंसं आपल्यालाही असेल.

रंग झाला, व्हार्निश झालं की शिपाई ताईच्या ताब्यात जायचा. पट्ट्या तिच्याकडे. पातळ प्लायचे चौकोन कापायचे, त्यावर शिपाई चिकटवायचे, पायांभोवती गोंद लावून चाळलेली वाळू पसरायची, ती मातकट रंगवायची आणि वर सुक्या गवताच्या शेंड्या लावायच्या. ताई त्या चौकोनांना पाट म्हणायची. शिपाई एकदा पाटावर बसला की तो माझ्या डोक्यावर परत येत नाही. कारण वाळू आणि गोंद एकदा घट्ट झाले की शिपाई उपटताना त्याचे पाय मोडतात. पाटावर बसलेला शिपाई म्हणजे सुटला बिचारा, आणि मीही सुटले.

पण सुटका इतकी सोपी असती तर काय हवं होतं!

कवळीवाले शिपाई पाटावर बसूच देईनात. रंगवलेला शिपाई फळीवर ठेवायचे. चार दिवसांनी पुन्हा हातात घ्यायचे. "या बटणाचा रंग पितळी वाटत नाही." की आला पुन्हा माझ्या डोक्यावर. "कॉलरची कड जाड झाली." आला पुन्हा. एकेक शिपाई तीन-तीनदा, चार-चारदा येऊन गेला. अंगावर इतके थर चढले की काहींची नाकं दिसेनाशी झाली. मग त्यांना रंग उतरवण्याच्या पाण्यात बुडवायचं, दात घासायच्या ब्रशने घासायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. जुने ओळखीचे शिपाई नागडे होऊन परत येताना बघून माझे हातपाय गळायचे, नसलेले का असेनात. साधं पायदळ, घोडदळ, तोफखाना कसाबसा ताईच्या पाटांवर पोहोचला. पण त्यांची सगळ्यात लाडकी पलटण होती गार्डाची, म्हणजे नेपोलियनच्या खास रक्षकांची, उंच केसाळ टोप्यांची. ती मात्र फळी आणि मी, मी आणि फळी, एवढ्याच फेऱ्या मारत राहिली.

याचा सगळ्यात जास्त मनस्ताप होत होता तो ताईच्या भावाला.

त्याला ताई लहानपणापासून ढब्बू म्हणते. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, कामाने गिलावा करणारा. उभी हयात भिंतींना गिलावा केला, हाताचे तळवे खरखरीत झाले. त्याचंही सैन्य होतं, पांढऱ्या डगल्यांचं, शत्रूकडचं. ते त्याने रुंद ब्रशने फटाफट रंगवून कधीच संपवलं होतं. पाट ताईनेच करून दिले होते. धाकट्याचे लाड, दुसरं काय. त्याच्या शिपायांना डोळे नव्हतेच. "लांबून बघा दाजी, एकदम जिवंत दिसतात," असं म्हणून तो खो खो हसायचा.

या मेहुण्या-मेहुण्यांमध्ये फार पूर्वी एक करार झाला होता. रंगवलेला नाही आणि पाटावर बसलेला नाही, असा शिपाई मैदानात येणार नाही. हे खेळणारी माणसं असला नियम फार कडक पाळतात. आणि गार्डाशिवाय लढायला कवळीवाले तयार नव्हते. म्हणजे गार्ड पाटावर बसेपर्यंत लढाई नाही. ढब्बू दर रविवारी यायचा, रंगकामाच्या मागच्या खोलीत डोकावायचा, फळीवरचा गार्ड बघायचा आणि कपाळाला हात लावायचा.

"दाजी, लढाईत शिपाई मरतो हो. मरायच्या आधी त्याची बटणं कोण मोजतं?"

"अरे, केसभर चुकलं तर कवळी बोचते. माणूस जेवत नाही."

"शिपाई कुठे जेवायला बसतोय!"

"तू गप्प बस. आणि त्याला हात लावू नकोस, व्हार्निश ओलं आहे."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मला वाटलं, माझा जन्म यातच जाणार.

मग एका रविवारी ढब्बू आला तो गप्प. चहा समोर ठेवला तर त्याने कप धरायला हात पुढे केला आणि हात कपाच्या शेजारी टेबलावर टेकला. ताईच्या ते लगेच लक्षात आलं. ती म्हणाली, "काय रे? काय झालं?"

"डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो," ढब्बू म्हणाला. "आतल्या पडद्याची झीज होतेय म्हणाल्या. मधोमध. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाणार. गंमत बघ ताई, ज्याच्याकडे बघावं तोच दिसत नाही. तुझं तोंड बघायचं तर मला त्या खिडकीकडे बघावं लागतं."

"औषध असेल ना काहीतरी," कवळीवाले म्हणाले.

"माझ्या प्रकाराला नाही म्हणाल्या." त्याने चाचपून कप बाजूला सरकवला. "दाजी, एक सांगू? आता उरका. मला थोडंफार दिसतंय तोवर एकदा टेबल मांडा. एकदाच. दोन्ही सैन्यं समोरासमोर बघायची आहेत मला. मग मी काही मागणार नाही."

कवळीवाले एवढंच म्हणाले, "उरकतो. बघच तू."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, आता माझी सुटका झाली. पण या माणसाने काय करावं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गार्डाची अख्खी पलटण उचलली आणि रंग उतरवायच्या पाण्यात बुडवली.

ताईने दारातून ते बघितलं आणि ती हबकलीच. "अहो, हे काय करताय?"

"हा निळा फार गडद आहे. ढब्बूला दिसायचा नाही. उठावदार करतो. पट्टे आणखी पांढरे करतो, चेहऱ्यांवर उजेड घेतो, डोळे मोठे काढतो. तो शेवटचं बघणार आहे, अगं. चांगलं नको दिसायला?"

त्यांना मनापासून तसं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. ते आळशी नव्हते, कपटी तर मुळीच नव्हते. प्रेम करायची त्यांना ही एकच रीत येत होती. आणि हे प्रेम इतकं सावकाश चालायचं की ज्याच्यासाठी होतं तो वाटेतच राहायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी त्यांच्या मुठीत. बटणं पूर्वीपेक्षा बारीक, डोळ्यांत आता पांढरं आणि बुबुळ वेगळं. जितकी त्या बिचाऱ्याची नजर जाडीभरडी होत होती, तितकं यांचं काम बारीक होत चाललं होतं. मी बाटली असूनही मला ते कळत होतं. पण सांगणार कशी? माझ्या तोंडावर तर शिपाई उभा.

रविवार येत होते आणि ढब्बू येत होता. आधी तो एकटा यायचा, मग शेजाऱ्याचा हात धरून यायला लागला. एकदा कवळीवाल्यांनी मोठ्या हौसेने नवा रंगवलेला गार्ड माझ्यासकट त्याच्या हातात दिला. ढब्बूने मला डोळ्यांजवळ नेलं, मग लांब नेलं, मग मान तिरकी करून भिंतीकडे बघितलं. त्याचा श्वास माझ्या अंगावर येत होता. शेवटी तो म्हणाला, "छान आहे, दाजी." त्याला काहीही दिसलं नव्हतं. खोलीतल्या तिघांनाही ते कळलं आणि तिघंही चहाबद्दल बोलू लागले.

आणि मग तो रविवार. ढब्बूने शेजाऱ्याकडून आपल्या सैन्याचे सगळे डबे उचलून आणले होते. ते त्याने दाराशीच ठेवले.

"ताई, हे कुणाला तरी देऊन टाक. एखाद्या हौशी माणसाला. मला आता कोणता शिपाई कोणता ते ओळखू येत नाही. काल घोडदळाला पायदळ समजून ठेवलं आणि एका घोड्याचा पाय मोडला. राहू दे आता लढाई."

"अरे, पंधरा दिवस थांब," कवळीवाले काकुळतीला आले. "गार्डाचा झेंडेवालाच काय तो राहिलाय. त्याचा चेहरा झाला की..."

"दाजी, तुमच्यावर राग नाही माझा. खरंच नाही. पण थांबून थांबून मीच थकलो हो."

त्या 'थकलो' शब्दाची जात मला कळली. मीही त्याच जातीची.

ताईने डबे उचलले आणि स्वयंपाकघरात नेले. पुढचे काही दिवस तिकडून कसले कसले आवाज येत होते. चाळणी हलवल्याचा, काहीतरी घासल्याचा. गोंदाचा वास तर घरभर होता. मधूनमधून ती कवळीवाल्यांचं पाटावर बसलेलं सैन्यही झाडायला म्हणून आत न्यायची आणि परत आणून ठेवायची. कवळीवाल्यांना काडीचा संशय आला नाही. ते शिपायाकडे बघायचे. शिपायाखालच्या पाटाकडे त्यांनी जन्मात कधी नीट बघितलं नव्हतं.

मग एका दुपारी ते पांढरा रंग आणायला बाहेर गेले. ताई पदर खोचून मागच्या खोलीत आली. तिने फळीवरचा गार्ड उतरवला. कुणाला पट्टे नव्हते, कुणाची टोपी अर्धी, कुणाचे बूट अजून राखाडी. तिने एकेकाच्या तळाला गोंद लावला आणि पाटावर बसवून वरून वाळू पसरली. शेवटी तिने मला उचललं. माझ्या डोक्यावर गार्डाचा झेंडेवाला होता. झेंडा रंगून झाला होता, डगला झाला होता, पण तोंडाच्या जागी नुसतं राखाडी अस्तर. ना नाक, ना डोळे. "चल बाबा," म्हणून तिने त्याला माझ्या डोक्यावरून उपटला आणि पाटावर बसवून टाकला.

माझं डोकं एकदम हलकं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढचा शिपाई वाट बघत उभा नव्हता. आणि खरं सांगते, मला रडू येईल की काय असं वाटलं.

कवळीवाले परत आले ते दारातच खिळले. आधी त्यांचा विश्वासच बसेना. मग ते जे कडाडले, तसं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"हे काय केलंस? अर्धवट आहेत सगळे! झेंडेवाल्याला तोंड नाही! आता काढायचे कसे? पाय मोडतील त्यांचे!"

"म्हणूनच बसवले," ताई म्हणाली. "आता कुणी काढू शकत नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"मी ढब्बूसाठी करत होतो!"

"ढब्बूला दिसत नाही, अहो! त्याला डोळे राहिले नाहीत आणि तुम्ही शिपायांना डोळे काढत बसलाय!"

बोलता बोलता तिचा आवाज फुटला. पहिल्यांदाच ती माझ्यासमोर रडली. कवळीवाल्यांनी टेबलावरची सुरी उचलली होती, पाट उकरायला म्हणून. ती तशीच त्यांच्या हातात राहिली. ताईने डोळे पुसले, सुरी काढून घेतली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी मिटले. तिने त्यांची बोटं एका पाटाच्या मागच्या कडेवर ठेवली आणि तिथून पुढच्या पाटावर, तिथून त्याच्या पुढच्या. मग कवळीवाल्यांची बोटं आपली आपणच परत मागे आली आणि पुन्हा चाचपू लागली.

ताईने प्रत्येक पाटाच्या मागच्या कडेला एक पट्टी केली होती. पायदळाला जाड, टोचणारी रेती. घोडदळाला बारीक चाळलेली वाळू. तोफखान्याला नुसता गोंद, वाळून काचेसारखा गुळगुळीत. आणि गार्डाला लाकडाचा भुसा, मऊ. दोन्ही सैन्यांना. निळ्या सैन्याच्या पाटांचे कोपरे तिने घासून गोल केले होते, पांढऱ्यांचे टोकदारच ठेवले होते.

"भिंतीवरून तळहात फिरवून फुगलेला, पोट काढलेला गिलावा ओळखायचा तो," ताई म्हणाली. "हे नाही ओळखणार?"

कवळीवाले मटकन स्टुलावर बसले. त्यांचं आयुष्य हिरड्यांचे उंचवटे बोटाने तपासण्यात गेलं होतं. हे आपल्याला सुचू नये? असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी तोंड धुतलं आणि ढब्बूला फोन केला. "ये," म्हणाले. "टेबल मांडतोय."

जेवणाच्या टेबलाला फळ्या जोडून मैदान केलं. वर हिरवं कापड घालायचं होतं, पण मैदान सपाट कसं चालेल? लढाईला टेकडी हवी. ताईने इकडेतिकडे बघितलं आणि मला उचललं. मला आडवं ठेवून दोन बाजूंना पुस्तकं लावली आणि वरून कापड ओढलं. झाले मी टेकडी! बढती म्हणा किंवा शिक्षा म्हणा. त्या अंधारात मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्यामुळे पुढचं सगळं मी तुम्हाला सांगते ते नुसतं ऐकलेलं आणि अंगावर जाणवलेलं आहे. ढब्बूपेक्षा फार वेगळी गत नव्हती माझी.

त्याची जड पावलं आली. खुर्ची सरकली. "माझे डबे दिले नाहीस होय ताई कुणाला?" असं तो म्हणाला आणि एकदम थांबला. कापडावरून त्याचा तळहात फिरल्याची खरखर ऐकू येत होती.

"हे काय आहे? ताई, हा तर खरबरीत गिलावा!"

"ते पायदळ," ताई म्हणाली.

"आणि हा... हा चुन्याचा नीरू मारल्यासारखा गुळगुळीत. तोफा?"

"तोफा."

"कोपरे टोकदार. म्हणजे माझ्या! माझ्या तोफा!" ढब्बू इतक्या मोठ्याने ओरडला की माझ्या पोटातली वाळू हलली. मग तो हसतोय की रडतोय ते कळेना. मग म्हणाला, "नजर बाजूला केली की निळा पट्टा दिसतोय मला, दाजी. लांबलचक. हे तुमचं सैन्य ना? एकदम जिवंत दिसतंय हो."

लढाई संध्याकाळपर्यंत चालली. फासे खुळखुळत होते, ताई आकडे वाचून दाखवत होती. ढब्बू चाचपून हुकूम सोडत होता आणि त्याच्या घोडदळाने कवळीवाल्यांची डावी बाजू पार मोडून काढली. कवळीवाले चिडत होते, हरकत घेत होते, एकदा तर फासा खाली पडला म्हणून पुन्हा टाकायचा हट्ट धरून बसले. त्या घरात इतका गोंगाट मी कधी ऐकला नव्हता. शेवटी निळ्यांनी टेकडीवर, म्हणजे माझ्यावर, आपला राखून ठेवलेला गार्ड आणून उभा केला. ते ओझं माझ्या ओळखीचं होतं.

ढब्बूचा हात चाचपत वर आला. त्याला भुसा लागला, मग काठी लागली, झेंड्याची घडी लागली.

"हा कोण, दाजी?"

"झेंडेवाला. गार्डाचा."

"कसा दिसतो, सांगा ना. मला सगळं सांगा."

ताईचा श्वास अडकलेला मला वरून ऐकू आला. त्या झेंडेवाल्याला तोंडच नव्हतं, हे आम्हा तिघांना माहीत होतं. कवळीवाल्यांची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. केसभर चूक कधी चालवून न घेतलेला माणूस तो.

"पन्नाशीचा आहे," ते हळूहळू बोलू लागले. "गाल उन्हाने भाजलेले. मिशी पिकलेली, एका बाजूने जरा जळालेली, दारूगोळ्याने. कपाळावर एक जुना वण. थकलाय बिचारा, पण ओठ बघ, हसू दाबून धरलंय. डोळे तपकिरी आहेत. आणि ते सरळ तुझ्याकडे बघतायत."

ढब्बूचं बोट त्या कोऱ्या तोंडावरून सावकाश फिरलं असणार, कारण माझ्यावरचं ओझं किंचित हललं.

"दिसला," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या झेंडेवाल्याला अजून तोंड नाही आणि आता ते कुणी रंगवणारही नाही. लढाई मात्र दर रविवारी होते आणि मी दर रविवारी टेकडी होते. मी थकले आहे, माझं प्लास्टिक पिवळं पडलंय, एखाद्या दिवशी या पुस्तकांच्या भाराने मी तडकेन. त्याचं मला काही वाटत नाही. माझं मागणं एवढंच आहे. तुम्ही कुणासाठी काही घडवत असाल, चित्र असो, शिवण असो, नाहीतर एखादं खेळणं, तर ते सुबक होईस्तोवर दडवून ठेवू नका. अर्धं असलं तरी नेऊन त्याच्या हातात द्या आणि उरलेलं शेजारी बसून तोंडाने सांगा.